तोडी संपल्यावरची चार मिनिटं

मी आज जो काही आहे तो पाचोडच्या शाळेत मला शिकवणाऱ्या गुरुजींमुळं आहे. हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो. पुढचं वाचून कुणाला मी कृतघ्न वाटलो, तर निदान हे एक वाक्य तरी जागेवर असावं.

माझे वडील लग्नाच्या बँडमध्ये ढोल वाजवायचे. लग्नसराईत बँड आणि एरवी दुसऱ्याच्या रानात काम, अशी वर्षाची वाटणी होती. मी सहावीत असताना बँडच्या मालकानं मलाही एक लाल कोट दिला. बाह्या दोनदा दुमडल्या तरी बोटं झाकली जायची. हातात खुळखुळा. वरातीच्या पहिल्या ओळीत, क्लॅरनेटवाल्याच्या शेजारी, मी खुळखुळा हलवत चालायचो, आणि खरं सांगायचं तर तितका खूश मी पुढं फार कमी वेळा झालो. शाळेत मात्र नसायचो. वार्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी गुरुजी आमच्या घरी आले. आमच्या वस्तीत शिक्षक येणं नवलाचं होतं. आईनं बाजेवर घोंगडी टाकली, पण ते उभेच राहिले.

"मुलगा शाळेत का नाही?"

"गुरुजी, लग्नं लई घेतल्यात औंदा," वडील म्हणाले. "मानूस कमी पडतंय."

"खुळखुळा हलवायला तुम्हाला दुसरा कुणीही मिळेल. मला हा दुसरा मिळायचा नाही."

वडील माझ्याकडं न बघता म्हणाले, "काढ रं कोट."

तो कोट पुन्हा अंगावर चढला नाही. आमच्या घरात माझ्या आधी कुणी दहावीचं तोंड पाहिलं नव्हतं. मी बी.एस्सी. झालो, चितेगावच्या एका कंपनीत तपासणी विभागात लागलो, माझी मुलं आज शहरातल्या शाळेत जातात. हे सगळं त्या एका वाक्यातून निघालं.

गुरुजी मराठी शिकवायचे. धडा वाचायला उभं करायचे आणि वाचन मेलेलं वाटलं की टेबलावर तळहात आपटून म्हणायचे, "अजून एकदा!" त्यातलं 'अजून' लांबवायचे आणि 'एकदा' कापून टाकायचे. शाळा सुटल्यावर ते आम्हा तिघाचौघांना आपल्या खोलीवर बसवून टेप ऐकवायचे. रेडिओवर सकाळी शास्त्रीय गाणं लागलं की ते कॅसेटवर भरून घेत. कोरी कॅसेट पाचोडला सहज मिळायची नाही, म्हणून जुन्यावरच नवं भरायचे. खोलीसमोरून वरात चालली की उठून खिडकी लावायचे. "गोंगाट," एवढंच म्हणायचे. मी मान हलवायचो. खिडकीबाहेर माझे वडील असायचे, हे त्यांना ठाऊक असावं, नसावंही.

मी कॉलेजसाठी शहरात निघालो तेव्हा त्यांनी एका कापडी पिशवीत सात कॅसेटी घालून दिल्या. "रोज ऐकत जा. तिथं कानावर काय काय पडेल. कान खराब होऊ देऊ नकोस."

मी तसं वचन दिलं.

सातपैकी एका कॅसेटवर तोडी होती, सकाळचा राग. कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची आणि गाणं सव्वीस मिनिटांत संपायचं. हॉस्टेलवर, जुन्या बाजारातून घेतलेल्या लहान टेपवर, ती पहिल्यांदा लावली, गाणं संपलं, खट्ट असा आवाज झाला आणि एकाएकी लग्नाचा बँड सुरू झाला. गुरुजींनी ज्या जुन्या कॅसेटवर तोडी भरली होती, तिचं शेपूट खाली उरलं होतं. चार मिनिटं. क्लॅरनेट, ट्रम्पेट, ढोल, मागं माणसांचा गलका, आणि एका तानेच्या मधोमध टेप संपायची.

मी उठून बसलो. अंगात तो लाल कोट घातल्यासारखं झालं.

ढोल माझ्या वडिलांचा असेल, असं मी मनाशी कितीदा म्हटलं. पण बँडमधला ढोल सगळीकडं सारखाच वाजतो. ती चार मिनिटं ऐकल्याशिवाय मला राहवेना, आणि नुसती तीच ऐकायची तर गुरुजींना फसवल्यासारखं वाटे. म्हणून मी एक तोडगा काढला. तोडी पूर्ण ऐकायची, मग बँड. शेवटाला मात्र आवाज कमी करून कान टेपला लावायचा, कारण खोलीत आणखी दोघं होते. त्यांनी मला रोज डोळे मिटून, टेपला कान लावून बसलेलं पाहिलं आणि हॉस्टेलभर सांगितलं की पाचोडकडचा तो पोरगा शास्त्रीय संगीतात बुडालेला असतो. त्या ख्यातीचं काय करावं मला कळेना. नाही म्हणायची हिंमत नव्हती. पुढं नोकरी लागली, लग्न झालं, आणि ती ख्यातीही माझ्या सामानाबरोबर नव्या घरी आली.

शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. सिडकोच्या पलीकडं एकामागून एक कॉलन्या उठत होत्या. जिथं आम्ही घर घेतलं तिथं दोन वर्षांपूर्वी बाजरी उभी होती, असं शेजारी सांगत. घरं वाढली, पाऊस आटला. जायकवाडीचं पाणी तळाला गेलं आणि नळ आठव्या दिवशी, कधी दहाव्या दिवशी यायला लागला. पाण्याचा दिवस ठरलेला असायचा, पण पाणी ठरल्या वेळी येईलच असं नाही. त्या दिवशी घरात कुणाला तरी थांबावंच लागे.

अशाच एका पाण्याच्या दिवशी कॉलनीतल्या आम्हा चौघांची ओळख झाली आणि त्यातून दर रविवारी सकाळी गाणं ऐकायची बैठक सुरू झाली. एक बँकेत होता. पिढ्यान्‌पिढ्या भटजी आणि कारकून असलेल्या घरातला, त्यामुळं बैठकीचे नियम त्यानंच केले. गाणं चालू असताना बोलायचं नाही, आणि लावलेली कॅसेट शेवटपर्यंत ऐकायची. दुसरा कॉलेजात इतिहास शिकवायचा. त्याच्या आजोबांनी बाबासाहेबांच्या मागं धम्म घेतला होता आणि देवाधर्मावर त्याची जीभ भलतीच धारदार चालायची. तिसऱ्याचं मेडिकलचं दुकान होतं, त्याला आम्ही सगळे भाई म्हणायचो. गझल म्हणजे त्याचा प्राण. मी अर्थात शास्त्रीयवाला.

बैठक आळीपाळीनं प्रत्येकाच्या घरी व्हायची. बँकवाल्याकडं दोन मोठ्या स्पीकरांचा डेक होता. तो रिक्षातून, मांडीवर बाळ घ्यावं तसा, ज्याच्या घरी बैठक त्याच्याकडं यायचा. माझ्या घरी बैठक असली की मी बहुधा तोडी लावायचो, कारण मला तीच नीट पाठ होती. सव्विसावं मिनिट आलं की मी उठून बटण दाबायचो. "शेवटाला टेप खराब आहे, डेकमध्ये अडकेल," असं सांगितलं होतं. बँकवाल्याला डेकची इतकी काळजी, की नियमाला तेवढा अपवाद त्यानं मान्य केला होता.

आता त्या रविवारचं सांगतो. बैठक माझ्याकडं होती आणि पाण्याचा दिवस शनिवारवरून रविवारवर ढकलला होता. दाराशी निळे ड्रम रिकामे उभे. बँकवाल्यानं डेक जोडता जोडता विषय काढला.

"आज एक गंमत करू. ज्यानं त्यानं असं गाणं सांगायचं, जे त्याला मनापासून आवडतं पण चारचौघांत कबूल करायची लाज वाटते. खोटं बोलणाऱ्यानं चहा करायचा."

"तू सुरू कर मग," प्राध्यापक म्हणाला.

बँकवाल्यानं चष्मा पुसला. "पूजा करताना माझ्या तोंडात काय असतं माहितीये? डिस्कोची गाणी. ती झगमगत्या पँटवाली. परवा बायकोनं विचारलं, अथर्वशीर्षाला ही 'हे हे' ची चाल कुठून आली?"

भाई गादीवर आडवा झाला. "अरे, देव पण नाचत असंल ना तुझ्या देवघरात!"

"तुझं बोल आता."

"मेरा?" भाई उठून बसला. "कुणाला बोलायचं नाय हां. मेरेकू वो भाई-बहनवाले गाने लगते. बहन ससुराल जा रही, भाई रो रहा. दुकानात रेडिओवर लागलं ना, की मी रडतो. गिऱ्हाईक विचारतं, क्या हुआ भाई? मी बोलतो, जुकाम हुआ. तो म्हणतो, औषधाचं दुकान तुमचं आणि सर्दी तुम्हालाच? आणि एक सांगू? गझलेतले आधे लफ्ज मेरेकू भी नै समझते."

आम्ही हसून हसून दमलो. मग प्राध्यापकाची पाळी आली. आल्या आल्या घेतलेल्या चहाच्या रिकाम्या कपाशी तो चाळा करत होता.

"आमच्या घरामागं देऊळ आहे. पहाटे भोंग्यावर काकड्याची भजनं लागतात. मी त्याविरुद्ध महापालिकेत अर्ज दिला."

"माहितीये. मीच टाईप करून दिला," बँकवाला म्हणाला.

"अर्ज मंजूर झाला. भोंगा बंद. महिना झाला." त्यानं कप खाली ठेवला. "आता मला पहाटे जाग येते आणि परत झोप लागत नाही. त्यातली एक चाल मला... आता काय सांगू. आमच्या म्हातारीला कळलं तर घराबाहेर काढील."

कुणी हसलं नाही. मग भाई हळूच म्हणाला, "एक अर्ज और कर दे. चालू करने का." तेव्हा मात्र प्राध्यापकच सगळ्यांत मोठ्यानं हसला.

आता सगळे माझ्याकडं बघायला लागले. हीच वेळ होती, समोर माझीच माणसं होती, त्यांनी आपापलं उघडं केलं होतं. माझ्या तोंडून निघालं, "ते जुन्या सिनेमातलं एक गाणं आहे... पावसातलं."

"हॅ!" बँकवाला म्हणाला. "हे माझ्या आईलाही आवडतं. यात लाजायचं काय? चहा कर."

"अरे छोड, शास्त्रीयवाला आहे तो," भाई म्हणाला. "त्याच्यासाठी सिनेमाचं गाणं म्हणजे पापच."

त्यांनी मला सोडून दिलं. मीच मला सोडलं नाही. मुकाट्यानं चहा केला, तोडी लावली, सगळे गप्प झाले. वीसेक मिनिटं झाली असतील, तोच मागून बायकोचा आवाज आला, "अहो, पाणी आलं! मोटार लावा!"

दहाव्या दिवशी आलेलं पाणी. मी धावलो. मोटारीनं हवा धरली होती, ती काढली, पाइप पहिल्या ड्रममध्ये सोडला, तो भरतोय तोवर हौदाचं झाकण ओढलं. हात कोपरापर्यंत ओले. घड्याळाकडं लक्ष कुठलं? पाइप दुसऱ्या ड्रममध्ये टाकत असताना पुढच्या खोलीतून खट्ट झालं आणि दोन मोठ्या स्पीकरांमधून बँड उसळला.

मी पाइप हातातच धरून उभा राहिलो. पाणी पायांवर सांडत होतं. बायकोनं पाइप माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, "जा आता. तुमचं तेच आलं."

"तेच म्हणजे?"

"दाढी करताना रोज गुणगुणता ते. मला काय ठाऊक नाही व्हय?"

बारा वर्षांच्या संसारात तिनं मला एकदाही विचारलं नव्हतं, आणि मी समजत होतो की माझं गुपित कुणाला ठाऊक नाही.

पुढच्या खोलीत गेलो तर तिघंही गुडघ्यांवर ताल धरून बसलेले. बँकवाल्यानं स्वतःचाच नियम मोडला.

"ही तुझी खराब टेप?"

तेव्हा मी सगळं सांगितलं. वडिलांचा ढोल, खुळखुळा, गुरुजींनी काढायला लावलेला कोट, सव्वीस मिनिटं आणि चार मिनिटं. वाटलं होतं, थट्टा होईल.

"इसमें शर्म काहेकी?" भाई म्हणाला.

"बँडची लाज नाही वाटत त्याला," प्राध्यापक म्हणाला. "गुरुजींची वाटते. बरोबर ना?"

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, माझं मलाच ठरवता आलं नाही.

"रिवाइंड कर," बँकवाला म्हणाला.

आम्ही तो तुकडा तीनदा ऐकला. माझ्या लहान टेपवर जो नुसता गलका होता, त्यातून डेकवर माणसं वेगळी निघू लागली. एक बाई कुणाला तरी हाक मारत होती. कुणीतरी शीळ घातली. आणि तिसऱ्या वेळी भाईनं बोट वर केलं. "ये कौन है रे? जो बँडवाल्याला सांगतोय?"

क्लॅरनेट क्षणभर थांबतं तिथं, अगदी माइकजवळून, एक माणूस हसत हसत ओरडतो, "अजून एकदा!" 'अजून' लांब. 'एकदा' कापलेलं. आणि बँड तीच ओळ पुन्हा घेतो.

मी खाली बसलो. गुरुजींना मी मोठ्यानं हसताना कधी ऐकलं नव्हतं, म्हणून खात्रीनं सांगता येईना. पण दुसरं कोण असणार? टेप त्यांचा, कॅसेट त्यांची. की एखाद्या पाहुण्यानं टेप मागून नेला असेल? की मला तसं हवं होतं म्हणून तसं ऐकू आलं?

त्यानंतरचे कितीतरी दिवस माझा गोंधळ उडालेला होता. गुरुजींना बँड आवडत असेल, तर ते खिडकी का लावत होते? की आवडत होता म्हणूनच लावत होते? आणि मग मी जे सोडलं ते नेमकं कशासाठी? लगेच स्वतःचा राग यायचा. ते घरी आले नसते तर आज चितेगावच्या गेटातून मी आत गेलो असतो का?

एक दिवस ठरवलं, आता लपवायचं काही उरलं नाही, सरळ बँडच ऐकू. टेप पुढं ढकलून नुसती ती चार मिनिटं लावली. काहीच झालं नाही. पोकळ वाटलं. पुन्हा लावली, तेच. मग सुरुवातीपासून तोडी लावली, सव्वीस मिनिटं बसलो, आणि बँड आला तेव्हा अंगावर काटा आला. मला तोडी आवडते, की तोडीचं संपणं आवडतं? इतक्या वर्षांत एवढंही मला कळलं नव्हतं. दुसऱ्या एका गायकाची तोडी आणून पाहिली. ती सुंदर होती. पण संपल्यावरही मी काही येईल म्हणून बसूनच राहिलो.

गुरुजी निवृत्त होऊन लासूर स्टेशनला मुलीकडं राहायला गेले होते. मी दरवर्षी एकदा भेटायला जायचो. त्या वर्षी लवकर गेलो, विचारायचंच असं ठरवून. ते खुर्चीत बसले होते, वाळले होते, ऐकायला थोडं कमी येत होतं. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"कॅसेटी ऐकतोस ना?"

"व्हय, गुरुजी. ऐकतो."

"कान चांगले ठेव."

मी तोंड उघडणार तेवढ्यात बाजाराच्या रस्त्यावरून वरात आली. बँड जवळ आला तशी भिंत थरथरू लागली. गुरुजी मुलीला म्हणाले, "खिडकी लाव गं." ती आत होती, म्हणून मीच उठलो. खिडकी लावून वळलो तर ते डोळे मिटून बसले होते. ऐकत होते की आवाजाला कंटाळले होते, मला कळलं नाही. मी पुन्हा समोर बसलो. मुलीनं चहा आणला. मुलांचं शिक्षण, पाणी, पाऊस, एवढंच बोललो आणि पाया पडून बस धरली.

तोंडानं जमेना, म्हणून दुसऱ्या दिवशी कंपनीतून आल्यावर लिहायला बसलो. चार कागद फाडले. पाचवा पाठवला. त्याची प्रत माझ्याकडं आहे.

"पूज्य गुरुजी,

आपल्या पायांवर डोकं ठेवून लिहितो.

काल आपण विचारलंत, कॅसेटी ऐकतोस ना. मी हो म्हणालो. ते खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही. आपण दिलेल्या तोडीच्या कॅसेटवर शेवटी लग्नाचा बँड राहून गेला आहे. आपल्या लक्षात आलं नसावं. इतकी वर्षं मी तोडी ऐकली ती त्या बँडपर्यंत पोचायला. लोक मला शास्त्रीय संगीताचा जाणकार समजतात आणि मी त्यांना तसं समजू दिलं. याची मला लाज वाटते. बँडची लाज वाटत नाही, हे मला आता कळलं आहे, आणि त्याचीही थोडी भीती वाटते.

आपण आमच्या घरी आला होता तो दिवस मी विसरलेलो नाही. आपण आला नसता तर हे पत्र लिहायला माझा हात कामाचा नसता. माझ्या वडिलांनी जाईपर्यंत आपलं नाव आदरानंच घेतलं. तरीही मला तो लाल कोट अजून आठवतो. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात कशा राहाव्यात, हे आपण मला शिकवलं नाही. कदाचित मी विचारलं नाही.

त्या बँडमध्ये एक माणूस हसून 'अजून एकदा' म्हणतो. मला तो आवाज आपला वाटतो. नसेल तर माझ्या वेडेपणाला क्षमा करा आणि रागवा, तेवढा आपला हक्क आहे. असेल तर कुणाचं लग्न होतं ते सांगा. ढोल कोण वाजवत होतं हे आठवत असेल तर तेही सांगा. आठवत नसेल तरी चालेल.

कॅसेट पोस्टानं पाठवत नाही, हरवेल. पुढच्या पाण्याच्या दिवसानंतरच्या रविवारी मी टेप आणि ती कॅसेट घेऊन लासूरला येतो. आपण बसा, मी लावतो. तोडी झाल्यावर आपल्याला नको वाटलं तर आपण हात वर करा, मी बंद करीन. पण या वेळी मी होऊन बंद करायला उठणार नाही.

आपला विद्यार्थी"